भोपळा, जुनेर आणि डबा : ‘टाकाऊतून टिकाऊ’चा पूर्वेतिहास

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आगपेट्यांचे घर, नारळाच्या करवंटीचे कासव, औषधाच्या बाटलीला लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी असे नमुने कार्यानुभवाच्या तासाला आणि वार्षिक प्रदर्शनात पिढ्यानपिढ्या मांडले गेले. यमकामुळे हा शब्दप्रयोग तोंडी बसला आणि तोंडी बसल्यामुळेच त्यातले गृहीतक तपासायचे राहून गेले. वस्तू आधी टाकाऊ असते आणि नंतर कोणाच्या तरी कल्पकतेने टिकाऊ होते, असा क्रम त्यात मानलेला आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की आपल्याकडच्या घरगुती हस्तकौशल्याचा इतिहास या क्रमाने घडलेला नाही. वस्तू ‘टाकाऊ’ ठरणे ही त्या इतिहासातली बरीच उशिराची घटना आहे. त्या घटनेनंतर एकाच प्रकारच्या कामाला कोठे कला म्हटले गेले आणि कोठे नुसते दारिद्र्य, हे पाहण्यासारखे आहे.

या शोधाची सुरुवात नवापूरपासून करणे सोयीचे आहे. रंगावली नदीकाठचे हे तालुक्याचे गाव पूर्वी पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात होते आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा सीमारेषा इथल्या रेल्वे स्थानकातूनच गेली. त्यामुळे एका फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत, असा प्रकार इथे पाहायला मिळतो. तालुक्यात गावित, मावची, कोकणी, भिल्ल अशी आदिवासी वस्ती मोठी आहे. मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती आणि मराठी या भाषा बाजारात एकमेकींच्या शेजारी बसतात. डोंगरातली स्वयंपूर्ण वस्तुव्यवस्था आणि रेल्वेने आलेली बाजारव्यवस्था यांची गाठ जिथे पडली, असे हे ठिकाण आहे.

यांतली पहिली व्यवस्था एका साध्या वस्तूत दिसते, ती म्हणजे वाळलेला भोपळा. वेलावरचा भोपळा कोवळा असताना भाजीचा असतो. तो जून झाला की खाण्याच्या दृष्टीने वाया गेला, असे आज आपण म्हणू. सातपुडा आणि सह्याद्रीच्या या टापूत मात्र काही भोपळे मुद्दाम जून होऊ दिले जात. भोपळा वेलावर पुरता पिकू द्यायचा, उतरवून वाळवायचा, देठाकडे भोक पाडून आतला गर आणि बिया काढून टाकायच्या, की पाणी भरण्याचा तुंबा तयार झाला. उभा चिरला तर त्याची पळी होते. राखेत घोळलेले बियाणे त्यात पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुरक्षित राहते. भोपळ्यातून काढलेल्या बियांपैकी काही पुन्हा मातीत जातात आणि पुढच्या वर्षीचे भांडे वेलावर धरते. या चक्रात ‘टाकाऊ’ हा शब्द कोठे बसवावा, हे सांगता येणार नाही. जून होणे ही इथे वस्तूची अखेर नसून तिच्या दुसऱ्या कामाची सुरुवात आहे.

हाच भोपळा वाद्य होतो तेव्हा प्रश्न अधिक टोकदार होतो. डांग, नाशिक आणि नंदुरबारच्या डोंगरी पट्ट्यातील पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांच्या जुळणीतून बनते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात तिचे महत्त्वाचे स्थान आहे. दुसरीकडे मिरजेचे कारागीर भोपळ्यापासूनच तंबोरे आणि सतारी घडवतात. मिरजेच्या या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते योग्यच झाले. परंतु फळ एकच, तेही खाण्याला निरुपयोगी झालेले, आणि एका हातातले काम संगीताच्या इतिहासात जाते तर दुसऱ्या हातातले लोकजीवनाच्या परिशिष्टात, हा भेद वस्तूतून आलेला नाही. तो ऐकणाऱ्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेतून आलेला आहे.

भोपळ्याची जागा मैदानी मराठी घरात कापडाने घेतलेली दिसते. लुगड्याचे आयुष्य पायरीपायरीने उतरत जाई आणि त्या प्रत्येक पायरीला भाषेने नाव दिले होते. नवे लुगडे सणासमारंभाचे, मग ते रोजच्या नेसणीचे. मध्यभागी विरले की तेवढा भाग कापून काढायचा, दोन्हीकडची धड टोके एकमेकांना जोडायची आणि पुन्हा नेसायचे. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेलेही विरले की त्याचे जुनेर होई. जुनेरातून बाळाची दुपटी आणि लंगोट निघत, कारण अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड तान्ह्या अंगाला टोचत नाही. उरलेले गोधडीत, त्यातूनही उरलेले पोतेऱ्यात आणि एखादी चिंधी काकड्यात जाई. एका वस्त्राची ही उतरंड मुखोद्गत असलेली बाई कोणत्याही हिशेबनिसापेक्षा काटेकोर होती.

गोधडी हे या उतरंडीतले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम. खाली आणि वर धडसे लुगडे किंवा धोतर, मध्ये विरलेल्या कापडांचे थर आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा एवढीच तिची रचना. पण थर सारखे पसरणे, जाड शिवण एका जागी न येऊ देणे, विरलेला भाग कोठे झाकायचा आणि शाबूत काठ कोठे दाखवायचा हे ठरवणे, टाका इतका जवळ घालणे की धुताना आतले कापड गोळा होऊ नये, ही सारी जाणकारी अनुभवाने येते. गोधडीची रंगसंगती निवडीपेक्षा उपलब्धतेवर ठरते असे वरकरणी वाटते. वस्तुतः उपलब्ध चिंध्यांतून कोणती कोणाशेजारी बसवायची, ही निवडच असते. सीमेच्या पलीकडे गुजरातीत तिला ‘गोदडी’ म्हणतात. राज्यांची सीमा रेल्वे फलाटावरून गेली, पण हा शब्द दोन्हीकडे सारखाच पांघरला जातो. जे कापड घरात शिवले जात नसे ते बोहारणीकडे जाई. जुने कपडे देऊन भांडे घेण्याचा हा व्यवहार मुंबईसारख्या शहरात मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायकांनी चालवला. बोहारणीच्या डोक्यावरच्या बोचक्यातून हे कपडे जुन्या बाजारात आणि तेथून नव्याने दुसऱ्यांच्या अंगावर जात.

चिंधीला आपल्या परंपरेत एक प्रतिष्ठाही आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. बौद्ध भिक्खूंचे चीवर टाकून दिलेल्या वस्त्रांचे तुकडे जोडून करावे, असा प्रघात होता. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी त्याची रचना असावी, असे विनयात सांगितले आहे. नाथपंथी योग्याची कंथा हीही ठिगळांचीच. आधुनिक महाराष्ट्रात हा धागा गाडगे महाराजांपर्यंत (१८७६-१९५६) येतो. डेबूजी झिंगराजी जानोरकर या माणसाचे जगाने ओळखलेले नाव एका मातीच्या भांड्यावरून पडले. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा असेही म्हणत. फुटके गाडगे हेच त्यांचे ताट आणि तेच शिरस्त्राण. ज्या वस्तूला समाजाने मोडीत काढले ती डोक्यावर धरून समाजापुढे उभे राहणे, हे त्यांच्या कीर्तनाइतकेच बोलके विधान होते.

येथे थांबून एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चीवर आणि गाडगे ही स्वेच्छेने स्वीकारलेली चिन्हे आहेत. आपल्या समाजात जुने वापरणे नेहमी स्वेच्छेचे नव्हते. मनुस्मृतीने सेवक शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आणि चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. गावगाड्यात मढ्यावरचे कापड महारांच्या वाट्याला येणे हा ‘हक्क’ म्हणवला जाई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी नेसण सोडून देण्याचे आवाहन केले. वस्त्राचा प्रश्न हा काटकसरीचा प्रश्न नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढची दलित आत्मकथने वाचताना उतरलेले कपडे आणि उरलेले अन्न यांचे जे संदर्भ येतात, त्यांच्यासमोर जुन्या काळच्या काटकसरीचे सरसकट गोडवे गाता येत नाहीत. ज्याला नवे नेसण्याची मुभाच नव्हती त्याच्या जुनेराला पुनर्वापर म्हणणे ही भाषेची क्रूर चूक ठरेल. म्हणून या इतिहासात प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारावा लागतो : ही दुसऱ्यांदा वापरायची, हे कोणी ठरवले?

आता दुसऱ्या व्यवस्थेकडे येऊ. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून खानदेशात येणारा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरू झाला आणि नवापूर त्या मार्गावर आले. हाच छप्पन्नाच्या दुष्काळाचा काळ. या मार्गांनी गावोगाव पोचलेल्या मालात घरांचे रूप सर्वाधिक बदलणारी वस्तू कोणती असेल तर ती चौकोनी पत्र्याचा डबा. आत असे खनिज तेल, म्हणजे ‘रॉक ऑइल’चे मराठीत झालेले रॉकेल. ‘घासलेट’ हा त्याचा दुसरा अवतार ‘गॅसलाइट’वरून आला असे मानतात. डब्यात चार गॅलन, म्हणजे सुमारे १८ लिटर तेल मावे आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसत.

या डब्याची एक कथा जागतिक तेलव्यापाराच्या इतिहासात नोंदलेली आहे. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांनी अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवर मात करण्यासाठी १८९२ साली ‘म्युरेक्स’ हे टाकीजहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवले. डब्यांत भरलेल्या तेलापेक्षा टाकीतून आणलेले सुटे तेल स्वस्त पडेल आणि गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. आशियातल्या गिऱ्हाइकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्ड ऑइलच्या निळ्या डब्यांपासून छपरापासून चहाच्या गाळण्यापर्यंत नाना वस्तू बनत होत्या. अखेर सॅम्युएल यांना पत्रा पाठवून पूर्वेकडच्या बंदरांतच डबे तयार करवावे लागले आणि ते लाल रंगाचे डबे बाजारात आले. जगातील एका बलाढ्य उद्योगाला आपली विक्रीची पद्धत बदलायला लावली ती रिकाम्या डब्याचे काय करायचे हे ठाऊक असलेल्या अनामिक गृहस्थांनी आणि गृहिणींनी. सॅम्युएल यांचे वडील समुद्रातले शिंपले डकवलेल्या शोभेच्या पेट्या विकत आणि पुढे १८९७ साली स्थापन झालेल्या कंपनीला ‘शेल’ हे नाव त्या शिंपल्यांवरून मिळाले, हा योगायोगही आपल्या विषयाला साजेसा आहे.

आपल्या घरांत या डब्याने केलेली कामे मोजणे कठीण आहे. वरचा पत्रा कापून आडवी लाकडी दांडी ठोकली की पाणी भरायचा डबा झाला. झाकण बसवले की धान्याची कोठी, बाजूला तोंड पाडून आत माती लिंपली की शेगडी, माती भरली की तुळस. कापून सपाट केला की दाराचा पत्रा. खाद्यतेलाचा भाव आजही पंधरा किलोच्या ‘डब्या’वर सांगितला जातो, इतका तो मापाचे एकक होऊन बसला. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचातून पत्र्याची नळी आणि तिच्यातून चिंधीची वात ओवली की चिमणी तयार होई. म्हणजे तेल रॉकेलचे, बाटली औषधाची, नळी डब्याच्या पत्र्याची आणि वात जुनेराची. अशा चिमणीच्या उजेडात महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी धडे गिरवले. पुढे १९३७ साली ‘डालडा’ हे वनस्पती तुपाचे नाव बाजारात आले. त्याच्या पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड स्वयंपाकघरात आणि डबा रिकामा झाल्यावर अंगणात खऱ्या रोपट्याखाली वर्षानुवर्षे दिसत राहिले.

मात्र भोपळ्याच्या आणि डब्याच्या दुसऱ्या आयुष्यात एक मूलभूत फरक आहे. भोपळा घरच्या वेलावर धरला होता आणि मोडला की मातीत मिसळत होता. डबा बाहेरून आला, पैसे देऊन आला आणि गंजला तरी पुरता संपत नव्हता. वस्तू बनवणारा एक आणि तिचे उरलेले आयुष्य निस्तरणारा दुसरा, अशी विभागणी त्याच्यापासून सुरू झाली. ‘रिकामा’ ही अवस्था घरात शिरली. ‘टाकाऊ’ हा वस्तूंचा वेगळा वर्ग संभवू लागला तो येथे. मुंबईत याच डब्यांचे सपाट केलेले पत्रे गिरणगावाच्या आसपासच्या झोपड्यांच्या भिंती झाले. खेड्यातल्या घरात जो डबा कौशल्याचा पुरावा होता तो शहराच्या नजरेत बकालपणाचा पुरावा ठरला. पत्रा तोच आणि तो कापून बसवण्यातले कसबही तेच होते.

शाळेने हा वारसा कसा घेतला, हा पुढचा टप्पा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली तिचा अभ्यासक्रम तयार झाला. तिच्यात हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा होता आणि मुलाने केलेली वस्तू खरोखर वापरली जावी, शक्य तर तिच्यातून शाळेचा खर्चही निघावा, अशी अपेक्षा होती. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव पुढे आणले. नावात उपयोग आणि उत्पादन दोन्ही होते. प्रत्यक्षात तासिकांच्या आणि गुणांच्या गणितात हस्तोद्योग हळूहळू शोभेच्या वस्तूपर्यंत आकसला. लोकर गुंडाळलेल्या बाटलीत पाणी भरता येत नाही आणि दिवाही लावता येत नाही. प्रदर्शन संपले की ती पुन्हा टाकाऊ होते.

या घसरणीला एक लक्षणीय अपवाद आहे. अभियंता असलेल्या अरविंद गुप्तांनी १९७८ साली नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृती उभ्या करण्याची त्यांची युक्ती त्यातूनच पुढे आली. २००३ पासून दशकभर पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केराच्या टोपलीतून शेकडो खेळणी घडवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यात वस्तू सजवलेली नसते, ती कामाला लावलेली असते. मूल खेळणे मोडते, पुन्हा जोडते आणि त्या मोडजोडीत विज्ञान शिकते. चिमणी बनवणाऱ्या हाताचे तर्कशास्त्र येथे पुन्हा जागे झालेले दिसते.

साहित्यसमीक्षेने या कामातून एक संज्ञा उचलली आहे. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ साली मिथकनिर्मितीची प्रक्रिया समजावताना ‘ब्रिकोलर’ची, म्हणजे हाताशी असलेल्या उरल्यासुरल्या वस्तूंतून गरज भागवणाऱ्या माणसाची उपमा वापरली. १९६६ साली जाक देरिदा यांनी ती पुढे नेत सर्वच भाषाव्यवहार असा असतो असे सुचवले. तेव्हापासून लेखकाला ठिगळकार म्हणणे ही प्रशंसा झाली. परंतु उपमेय मोठे झाले की उपमान विसरले जाते. संहितेच्या ठिगळांवर प्रबंध होतात आणि ठिगळ लावणारीच्या टाक्याला नावही उरत नाही. ‘अपसायकलिंग’ हा शब्द तर त्याहून अलीकडचा. १९९४ साली राइनर पिल्झ या जर्मन अभियंत्याच्या मुलाखतीतून तो रूढ झाला. गरज संपते तेथे या कामाला सिद्धान्त मिळतो, प्रतिष्ठा मिळते आणि किंमतही मिळते. ज्यांची गरज संपलेली नसते त्यांच्या वाट्याला यांतले काही येत नाही.

याचे एक कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वस्तूंना सन्मानाने जागा मिळाली, ही दिनकर केळकरांची मोठीच दृष्टी होती. पण धातू टिकतो, गोधडी टिकत नाही. ती फाटली की दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. पुनर्वापर जितका यशस्वी, तितका त्याचा पुरावा कमी, असा हा विचित्र इतिहास आहे. त्याचे दप्तर वस्तूंत सापडत नाही, ते भाषेत सापडते. दंड, जुनेर, दुपटे, पोतेरे, काकडा, चिमणी, तुंबा हे शब्द म्हणजे त्या हरवलेल्या वस्तूंच्या नोंदी आहेत आणि वापर थांबला की त्याही पुसल्या जातात.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकवर निर्बंध आले तेव्हा कापडी पिशव्या शिवण्याचे आवाहन सर्वत्र झाले. ते स्वागतार्हच होते. पण ज्या घरात जुन्या कापडाची पिशवी कधी बंदच झाली नव्हती त्या घरालाही ते नवे ज्ञान म्हणून सांगितले गेले. नवापूरच्या एखाद्या पाड्यावर आजीने वाळवलेल्या भोपळ्यातून पाणी प्यायलेले मूल शाळेत येऊन ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकते तेव्हा त्याला काय कळते? आजीचे काम हे मागासलेपण आणि करवंटीचे कासव ही कला, असेच जर त्याला कळत असेल तर दोष मुलाचा नाही. साहित्याच्या आणि भाषेच्या शिक्षकांना येथे करण्यासारखे काम आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. विद्यार्थ्यांनी घरातल्या जुन्या वस्तूंची, त्या कशा केल्या याची, त्यांच्यासाठी मावचीत, कोकणीत, अहिराणीत असलेल्या शब्दांची आणि करणाऱ्यांच्या नावांची वही करावी. करणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय वस्तूची नोंद पुरी समजू नये, एवढाच नियम त्या वहीला असावा.